रोहण्याचा पिंपळ, नागपूरची गॅलरी

"काहून पोरी, झाडाले उपाशी ठेवता काय तुम्ही?"

जुलैमधला रविवार. सकाळचे साडेदहा. भुरभुर पाऊस, आणि रोहण्याच्या शेतात विहिरीपाशी उभे असलेले आम्ही सोळा जण. पायात फ्लोटर्स, प्रत्येक फ्लोटरला किलोभर काळी माती चिकटलेली. हातात छिन्न्या, छोट्या करवती, ओली पोती. समोर माझा मामा. प्रश्न त्याचाच होता, आणि उत्तर मिळाल्याशिवाय तो विहिरीला हात लावू देणार नव्हता.

थांबा, आधी जरा फ्लॅशबॅक.

क्लब म्हणजे नक्की काय?

मी या बोन्साय क्लबमध्ये शिरले ती एका फीचरसाठी. सहाशे शब्द, दोन फोटो, डेडलाइन गुरुवार. फीचर छापून आलं, विसरलंही गेलं. मी मात्र तिथेच राहिले. क्लब नागपूरचा. ऑफिस नाही, बोर्ड नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणा एका मेंबरच्या गच्चीवर जमायचं. वर्गणी चहा आणि ॲल्युमिनियमच्या तारेत संपते. मेंबरांमध्ये एक रिटायर्ड बँक मॅनेजर, दोन आयटीवाले, कॉलेजच्या प्राध्यापक मॅडम (क्लबच्या सर्वेसर्वा याच) आणि एक डेंटिस्ट. डेंटिस्टला सगळ्यात जास्त भाव, कारण त्याची हत्यारं मुळांमधली माती काढायला एकदम परफेक्ट!

क्लबचं वर्ष सुरू होतं जूनमध्ये, मृग लागला की. मला वाटलं, वा, काय रोमँटिक आयडिया आहे. मॅडम म्हणाल्या, "रोमँटिक काही नाही गं. नागपूरच्या मे महिन्यातून ज्याचं झाड जगतं, तोच पुढच्या वर्षाची वर्गणी भरतो."

पहिल्याच मीटिंगला माझे दोन गैरसमज गळून पडले. एक, बोन्सायचं वेगळं बी असतं. नसतं. वडाचं बी, चिंचेचा चिंचोका, तोच. जमिनीत लावला तर आभाळाला भिडेल, तबकात लावून मुळं आणि फांद्या वेळोवेळी छाटल्या तर गुडघ्याएवढा राहील. 'बोन' म्हणजे तबक, 'साई' म्हणजे लावणं. शब्द जपानी, पण कला मूळची चीनची. दोन, ही म्हाताऱ्यांची करमणूक आहे. तर मॅडमनी एका पाइनची गोष्ट सांगितली. १६२५ पासून तबकात वाढवलेला पांढरा पाइन. ६ ऑगस्ट १९४५ ला तो हिरोशिमात होता, यामाकी नावाच्या कुटुंबाच्या अंगणात, भिंतीच्या आड. वाचला. १९७६ मध्ये त्या घराने तो अमेरिकेला भेट दिला, आणि वॉशिंग्टनच्या बोन्साय म्युझियममध्ये तो ठेवला गेला. गंमत म्हणजे तो बॉम्बमधून वाचलेला आहे हे तिथल्या लोकांना कळलं २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा!

क्लबची वर्षातून एक सहल असते. पावसाळा सुरू झाला की जुन्या भिंती, पडके वाडे, विहिरी हिंडायच्या आणि फटीत उगवलेले वड-पिंपळ मालकाला विचारून काढून आणायचे. "कुणाला माहितेय का एखादी जागा?" असं मॅडमनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मामाच्या विहिरीवर आहे ना एक पिंपळ!"

झालं. तारीख तिथल्या तिथे ठरली.

समृद्धीवरून शकुंतलेच्या गावी

रोहणा हे माझं आजोळ. वर्धा जिल्हा, आर्वी तालुका, पुलगाव-आर्वी रस्ता. लहानपणी नागपूरहून इथे यायचं म्हणजे अर्धा दिवस एसटी आणि उरलेला अर्धा दिवस उलट्या. आता समृद्धी महामार्ग आहे. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि विरुळला उतरायची सोय झाली. आमची टेम्पो ट्रॅव्हलर विरुळला खाली उतरली आणि सगळ्यांच्या मोबाइलची मान एकदम वर झाली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीच्या (आपल्या भाषेत कपाशीच्या) हिरव्या ओळी, मधेमधे तूर, सोयाबीन, डवरणीला जुंपलेले बैल. मागच्या सीटवरचा आयटीवाला म्हणाला, "अरे, वॉलपेपर आहे हा!"

पण या वाटेवर समृद्धीच्या शंभर वर्षं आधीही एक हायवे होता, लोखंडाचा. पुलगाव ते आर्वी नॅरोगेज रेल्वे, ३५ किलोमीटर, १९१७ सालची. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला तुम्ही ऐकली असेल, ही तिचीच धाकटी बहीण. मालक तीच ब्रिटिश कंपनी, आणि काम तेच: काळ्या मातीतला कापूस पुलगावच्या मोठ्या लाइनीवर नेऊन टाकायचा. तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. विरुळ आणि रोहणा ही तिची स्टेशनं. गाडी बंद पडून आता कित्येक वर्षं झाली. ब्रॉडगेज करा ही मागणी इथले लोक वर्षानुवर्षं करत आले. मामा म्हणतो, "ते गाडी चालता चालता उतरून बोरं खाऊन परत चढता येत होती." मामाच्या गोष्टींतून थोडं वजा करायचं असतं, पण फार नाही.

तोडायचा नाही, ठेवायचाही नाही

मामाच्या विहिरीवरचा पिंपळ दिसायला काहीच नाही. गुडघ्याएवढा. खोड मनगटाएवढं जाड, साल म्हाताऱ्या माणसाच्या कोपरासारखी. दगडी बांधकामाच्या वरच्या थरात, दोन दगडांच्या फटीतून बाहेर आलेला. मामा शाळेत होता तेव्हापासून तो तिथे आहे. म्हणजे माझ्या दुपटीहून मोठा, आणि उंचीला माझ्या गुडघ्याएवढा!

का वाढला नाही? फटीत माती चिमूटभर, आणि जो शेंडा बाहेर येईल तो शेळी खाते. चाळीस-पन्नास वर्षं मुळांवर दगडांनी आणि फांद्यांवर शेळ्यांनी काम केलं होतं. मॅडम विहिरीपाशी उकिडव्या बसल्या, झाडाभोवती तीन वेळा फिरून आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "शेळीला क्लबची लाइफ मेंबरशिप द्या."

मामाची अडचण मात्र खरी होती. पिंपळाची मुळं बांधकाम फोडत होती. दोन वर्षांपूर्वी आतला एक दगड पाण्यात पडला. आतून आणखी दोन हलायला लागले. हीच विहीर मामाच्या संत्र्याच्या झाडांना पाणी देते. विहीर ढासळली तर बाग गेली. आणि पिंपळ तर तोडायचा नाही. आजोबांनी तोडला नाही, मामाही तोडणार नाही, आणि गावातला गवंडीसुद्धा "पिंपळाले मी हात नाही लावत भाऊ" म्हणून दोनदा परत गेला होता. शेळीला पाप लागत नाही, माणसाला लागतं.

म्हणून आम्ही हवे होतो. पण आम्ही त्याला नेऊन तबकात लहान ठेवणार हे कळल्यावर मामा अडला. मामाच्या जगात खुजं झाड म्हणजे रोग. पऱ्हाटी खुजी राहिली की वर्ष गेलं. संत्र्याचं झाड बसलं की कर्ज. मुद्दाम, हौसेने, कुणी झाड लहान ठेवतं हे त्याला पटेना.

"उपाशी नाही ठेवत हो," मॅडम म्हणाल्या. "ताट लहान असतं, जेवण वेळेवर असतं. पाणी रोज, खत ठरल्या दिवशी. मुळं छाटतो म्हणून नवी मुळं फुटतात."

मामा विचारात पडला. मग चेहरा खुलला. "म्हंजे तुम्ही ताण देता!"

आपल्याकडे ताण हा शब्द फक्त बॉससाठी वापरतात. संत्र्यात तो चांगला असतो. आंबिया बहार धरायचा तर थंडीत, डिसेंबरच्या सुमाराला, झाडाचं पाणी तोडतात. झाड सुस्तावतं, वाढ थांबवतं. मग पाणी सोडलं की नवी पालवी आणि फुलं एकदम. हे मामा आमच्या आयटीवाल्यांना समजावून सांगत होता आणि ते चक्क नोट्स घेत होते. शेवटी मामा म्हणाला, "ताण देनं सोपं हाये. तोडनं कठीन हाये."

तेव्हा मला हे वाक्य नुसतं छान वाटलं. त्याचा अर्थ दिवाळीत कळला.

मामीने झाडाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आता गवंडीही तयार झाला, कारण झाड तोडायचं नव्हतं, पाठवायचं होतं. दोन दगड सरकवायला दीड तास लागला. आतलं मूळ फटीच्या आकाराचं झालेलं, पोळीसारखं चपटं. खाली जाणारी मुळं छाटली, जखमा झाकल्या, सगळं ओल्या पोत्यात गुंडाळलं. मागोमाग गवंड्याने दगड सिमेंटने पक्के केले.

मग शेतातच गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. डायटवाल्या डेंटिस्टने चार खाल्ले, वर तूप.

निघताना मामाने झाडासोबत गोणीभर काळी माती दिली. "इथली हाये, त्याले बरं वाटंल." आता आली का पंचाईत! काळी माती कुंडीत नको हा क्लबचा पहिला नियम. पाणी पडलं की चिखल, सुकली की वीट, मुळांना हवाच नाही. कुंडीत हवा विटांचा चुरा, वाळू, चाळलेलं शेणखत. पण मॅडमनी गोणी निमूट घेतली. मिश्रणात मूठभर टाकली, बाकीची त्यांच्या गच्चीतल्या वांग्यांना.

परतताना आम्ही समृद्धी सोडून वर्ध्याच्या रस्त्याने सेवाग्रामला गेलो. आश्रमात गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आहे. त्याच्याखाली सोळा जण उभे राहिलो तरी जागा उरली. आमचं पोतं गाडीत होतं. झाड तेच, जात तीच. एकाला जमीन मिळाली, एकाला फट.

गॅलरीतलं एक वर्ष

तुम्हाला वाटेल, आता तार गुंडाळणं, फांद्या वाकवणं, कात्री कचाकच! काही नाही. मॅडमचा हुकूम: प्लास्टिकच्या टबात लाव, सावलीत ठेव, वर्षभर हात लावू नकोस. ऑगस्टमध्ये बाकीचे मेंबर वडाच्या फांद्यांना पंचेचाळीस अंशांत तार गुंडाळत होते आणि मी बघत होते. सप्टेंबरमध्ये तार सालीत रुतायच्या आत कापून काढायला शिकवलं (उलगडायची नाही, कापायची, नाहीतर फांदी मोडते). मी तार धरायचं काम केलं.

एक गोष्ट मात्र नवी झाली. दर रविवारी रात्री मामाचा फोन यायला लागला. याआधी आम्ही बोलायचो दिवाळीला आणि अक्षय्य तृतीयेला. "कसं हाये?" एवढंच विचारायचा. मी की झाड, हे मी कधी विचारलं नाही.

मग दिवाळी आली. मला त्याच सुमाराला बाहेरगावचं एक काम मिळालं. आठ दिवस. फ्रीलान्सरला नाही म्हणता येत नाही हो. शेजारच्या मुलाला किल्ली दिली, गॅलरीतल्या झाडांना रोज पाणी घाल म्हटलं. त्याने इमानदारीत घातलं. तुळशीला, मनी प्लांटला, कोरफडीला. कोपऱ्यात एका टबात एक लाकडाचं खोड होतं, ते झाड आहे असं त्याला वाटलंच नाही.

परत आले तेव्हा टबाभोवती पानं पडलेली आणि खोड उघडं.

रविवारी मामाचा फोन आला. "कसं हाये?" मी म्हटलं, "मस्त!" पुढच्या रविवारी पुन्हा, "मस्त!" तिसऱ्या रविवारी गळा भरून आला आणि सगळं सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कट झाला.

"पाणी किती टाकलं आल्यावर?"

"बादलीभर. रोज."

"थांब. आधी नखानं साल खरवडून पाय. खाली हिरवं हाये काय?"

खरवडली. पुसट, पण हिरवं होतं.

"मंग जिवंत हाये. त्याले ताण बसला. आता एकदम पाजू नको, मुळं सडतीन. ओलं कर, भिजवू नको. वरची माती सुकली की मंगच. आन् मस्त-बिस्त सांगू नको मले."

मॅडमनीही तेच सांगितलं, फक्त शास्त्रीय भाषेत: पानं नाहीत तर झाड पाणी पिणार कशाने? टबावर भोकं पाडलेली पारदर्शक पिशवी चढवली. सावली, थोडी दमट हवा, आणि वाट बघणं. बाविसाव्या दिवशी खोडाच्या वळणावर तांबूस टोक दिसलं. तांदळाएवढं. मी फोटो काढून मामाच्या मुलाला पाठवला. मामाने तो मोठा करून बघितला म्हणे, चष्मा लावून.

मामा प्रदर्शनात

जानेवारीत क्लबचं छोटं प्रदर्शन होतं. आपल्याकडे बोन्सायची प्रदर्शनं किती मोठी होऊ शकतात ते २०१८ मध्ये पुण्यात दिसलं होतं. 'बोन्साय नमस्ते'साठी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर तीन हजारांवर झाडं मांडली होती. आमचं आपलं पंचवीस टेबलांचं. माझ्या पिंपळाला अर्थातच टेबल नव्हतं. पहिल्या वर्षाचं झाड म्हणजे कच्चा माल. ते टेबलामागे टबात बसलं होतं.

मामा पहिल्या एसटीने आला. पांढरी टोपी, नवं धोतर. आधी सरळ टेबलामागे गेला, टबासमोर उकिडवा बसला, नव्या पानांना बोट लावलं आणि उठला. मग हॉलभर फिरला. तीस वर्षांचा वड, मनगटाएवढी बोगनवेल, तबकातलं चिंचेचं रान. एका फळं लगडलेल्या शोभेच्या संत्र्यापाशी थांबला. मालकाला म्हणाला, "भाऊ, एवढी फळं एका झाडावर ठेवू नका. निम्मी तोडा, नाहीतर पुढच्या वर्षी झाड बसते." मालक आधी हसले. मग त्यांनी वही काढली. अर्ध्या तासाने मामाभोवती सात मेंबर होते आणि तो डोळा भरायच्या कलमाची पद्धत हातवारे करून शिकवत होता. किमतीची चिठ्ठी असलेल्या एका झाडापुढे मात्र तो बराच वेळ गप्प उभा राहिला. नंतर मला म्हणाला, "एवढ्यात माह्या संत्र्याचे लई क्रेट येतीन." मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

फेब्रुवारीअखेर पिंपळाची पानं पुन्हा गळली. मी पुन्हा घाबरून फोन केला. मामा पोट धरून हसला. "पोरी, बाहेर पाय. साऱ्याच पिंपळाची गळून राहिली." पानगळ होती! पंधरा दिवसांत तांब्याच्या रंगाची पालवी आली.

मार्चमध्ये मॅडमनी एक, फक्त एक फांदी कापू दिली. वर्षभरातली माझी एकूण कटिंग: एक. मे महिन्यात वर हिरवी नेट, खाली ओल्या वाळूचा ट्रे, सकाळ-संध्याकाळ पाणी, कूलरच्या वाऱ्याची दिशा झाडाकडे, माझ्याकडे नाही. मेच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक बोन्साय दिन असतो. जगभर लोक प्रात्यक्षिकं वगैरे करतात. आम्ही त्या दिवशी रोस्टर केलं: सुट्टीत कुणाच्या झाडांना कोण पाणी घालणार. माझ्या नावापुढे तीन किल्ल्या आहेत.

पुन्हा मृग

जूनमध्ये पहिला पाऊस झाला. मी झाड घेऊन रोहण्याला गेले, एकटीच. टबातून ते आता साध्या मातीच्या थाळीत आलं होतं. विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. मामाने थाळी फिरवून फिरवून पाहिली. वर्षापूर्वीचा प्रश्न परत विचारला नाही.

"चांगलं हाये," म्हणाला. "आता तिकडं पाय."

गवंड्याने सिमेंट भरलं होतं, त्याच्या वीतभर खाली, दोन दगडांच्या मधून, लालसर कोवळी तीन पानं बाहेर आली होती. पिंपळाचं मूळ दगडात किती खोल जातं, ते आम्ही सोळा जणांनी बघितलंच नव्हतं. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, मामा, आता विहीर?

"काय करतं विहिरीले? दगड पक्के हाये सध्या. पुढच्या बरसातीत तुमची गाडी घेऊन या, न्या." मामाने बिडी पेटवली. "तवर म्या शेळी लावून देली कामाले."

तुम्हीही जाणार?

नागपूरहून कार असेल तर समृद्धीने विरुळ, तिथून रोहणा जवळच. बाइकवाल्यांनो, समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी आहे, तुम्ही वर्ध्यावरून या. रेल्वेने यायचं तर मुंबई-नागपूर लाइनवर पुलगावला उतरा आणि आर्वीची एसटी पकडा. जुलै-ऑगस्ट बेस्ट. फ्लोटर्स नको, गमबूट हवेत. परतताना सेवाग्राम, आणि वर्ध्याचा गोरसपाक घ्यायला विसरू नका. कुणाच्या भिंतीवरचं झाड आवडलं तर आधी मालकाला विचारा. आणि न्यायचंच असेल, तर सुट्टीत पाणी कोण घालणार ते आधी ठरवा.